बडोद्यात इमारत-तपासणीचा सल्ला-व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला येतच असतात. काही नुकत्याच पास झालेल्या मुलामुलींचे असतात, काही निवृत्तीनंतर 'आता काय करू' म्हणणाऱ्या इंजिनिअर मित्रांचे. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. ज्याचं उत्तर दुसरीकडे आहे तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. स्ट्रक्चरल ऑडिट, स्टॅबिलिटी सर्टिफिकेट आणि कंडिशन असेसमेंट हे सगळं एकच ना?

लोक एकाच अर्थाने वापरतात, पण काम घेताना तुम्ही तसं वापरू नका. कंडिशन असेसमेंट म्हणजे इमारत आज कशी आहे ते बघून, मोजून लिहिणं: भेगा, गळती, गंजलेल्या सळया, सुटलेले पोपडे, खचलेला ओटा, धाब्यावरचं म्हणजे गच्चीवरचं चायना मोझॅक (चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी), ड्रेनेजचे पाइप, सगळं. स्ट्रक्चरल ऑडिट त्यातल्या भार पेलणाऱ्या भागांपुरतं असतं आणि त्यात चाचण्या, गरज पडली तर हिशेबही येतो. स्टॅबिलिटी सर्टिफिकेट हा त्याच्या शेवटी येणारा सहीचा कागद. गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा तो शेवटचा कागदच हवा असतो, तोही उद्या सकाळी. कामाच्या पत्रात तुम्ही यातलं नेमकं काय देणार ते पहिल्या ओळीत लिहा. पुढची अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

२. माझा डिप्लोमा आहे. मला हा व्यवसाय करता येईल का?

व्यवसाय करता येईल, सही सगळीकडे चालणार नाही. महानगरपालिकेत किंवा वुडात (वडोदरा शहरी विकास प्राधिकरणात) जो कागद द्यायचा आहे त्यावर तिथे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते. तुमची नोंदणी नसेल तर नोंदणी असलेल्या माणसासोबत काम करा. मात्र त्याला इमारत प्रत्यक्ष दाखवा. घरी बसून सही करणारे मिळतात. पण उद्या काही झालं तर तो म्हणेल, 'मला सांगितलं तेच मी लिहिलं', आणि सांगणारे तुम्ही असाल.

पदवीपेक्षा जास्त उपयोगी काय, असं विचाराल तर मी म्हणेन दोन-तीन वर्षं दुरुस्तीच्या साइटवर उभं राहणं. गिलावा फोडल्यावर आत काय निघतं हे ज्याने शंभर वेळा पाहिलंय, त्याला बाहेरची भेग वाचता येते. ज्याने फक्त नव्या बांधकामावर काम केलंय, त्याला सगळ्याच भेगा सारख्या दिसतात.

३. सुरुवातीला कोणती यंत्रं विकत घेऊ?

सगळी नकोत. पहिल्या वर्षी माझ्या पिशवीत होतं ते असं: साधी हातोडी, टेप, चांगली टॉर्च, भेगेची रुंदी मोजायची पट्टी, ओळंबा, दुर्बीण, स्क्रू-ड्रायव्हर, फिनॉल्फथेलीनची बाटली आणि वही. यातली हातोडी सगळ्यात जास्त वापरली जाते. स्लॅबच्या खालच्या बाजूला टकटक करत गेलं की पोकळ आवाज कुठे येतो ते लगेच कळतं.

नंतर घ्यायचा तो रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा आकड्यात देणारं यंत्र), मग सळई शोधणारा कव्हर मीटर. काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा वेग मोजणारं अल्ट्रासोनिक यंत्र पुरेसं काम येईपर्यंत भाड्याने आणा किंवा चाचणी करणाऱ्या संस्थेला ते काम द्या. कोअर (काँक्रीटमधून कापलेला दंडगोल नमुना) काढणं आणि फोडणं तर प्रयोगशाळेचंच काम. आपल्या शहरात ते सोयीचं आहे: रेसकोर्सला गेरी म्हणजे गुजरात इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, आणि एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळाही आहेत. प्रयोगशाळेचं बिल सोसायटीने परस्पर भरावं अशी व्यवस्था ठेवा. तुमच्या हातून पैसे गेले की 'यात तुमचं किती' हा प्रश्न कोणीतरी विचारतोच.

फिनॉल्फथेलीनबद्दल दोन शब्द. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडलं की जिथे अल्कली शिल्लक आहे तिथे गुलाबी रंग येतो, जिथे कार्बोनेशन झालंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली संपलीय, तिथे येत नाही. बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचं नैसर्गिक संरक्षण गेलं. इतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही, आणि सोसायटीच्या लोकांनाही ती डोळ्यांनी दिसते. सभेत दहा तक्त्यांनी जे पटत नाही ते त्या गुलाबी डागाने पटतं.

४. हॅमरचा आकडा चांगला आला. मग काँक्रीट चांगलं म्हणून लिहू का?

नका लिहू. आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, आतलं काही सांगत नाही. त्यावरून काढलेल्या ताकदीचा अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो असं जुन्या आयएस (भारतीय मानक) १३३११ मध्येच लिहिलेलं होतं. त्याच मानकात असंही होतं की कार्बोनेशन झालेलं काँक्रीट हॅमरला जास्त कडक लागतं आणि टोकाच्या स्थितीत ताकद ५० टक्क्यांपर्यंत वाढून दिसू शकते. आता ही चाचणी आयएस ५१६ च्या भाग ५ मध्ये गेली आहे, पण काँक्रीटचा स्वभाव बदललेला नाही. म्हणजे बघा, ३५-४० वर्षांची इमारत, कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलेलं, सळई आत गंजतेय, आणि हॅमर सांगतोय 'झकास'. उलट पावसाने भिजलेल्या कॉलमवर तोच हॅमर २० टक्क्यांपर्यंत कमी दाखवू शकतो.

म्हणून हॅमरचा उपयोग तुलनेपुरता करा: याच इमारतीतले कोणते कॉलम बाकीच्यांपेक्षा वेगळे वागतात ते शोधायला. संशय आला तिथे अल्ट्रासोनिक. त्यात वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या खाली आला तर काम तिथे थांबवायचं नाही, पुढे जायचं. मग निवडक ठिकाणी कोअर. कोअरचा निकष आयएस ४५६ मध्ये आहे: तीन कोअरची सरासरी अपेक्षित क्यूब-ताकदीच्या (काँक्रीटचा ठोकळा दाबून मोजतात त्या ताकदीच्या) ८५ टक्के तरी हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. गंजाची शंका असेल तर हाफ-सेल चाचणी, म्हणजे सळईचा विद्युत-दाब मोजणं; कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन आलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

आणि हो, कोअर काढायच्या आधी कव्हर मीटरने सळई शोधा. इमारत तपासायला गेलो आणि कॉलमची मुख्य सळई कापून आलो, हे ज्यांच्या बाबतीत झालंय ते कबूल करत नाहीत इतकंच.

५. फी कशी ठरवायची? चौरस फुटावर की एकरकमी?

चौरस फुटाचा दर सोसायटीला कळतो, म्हणून पत्रात तसा लिहावा लागतो. पण स्वतःचा हिशेब दिवसांवर करा. सोळा फ्लॅटची चार मजली इमारत घ्या. दोघांनी दोन दिवस पाहणी, कारण पहिल्या दिवशी सोळापैकी चार-पाच घरांना कुलूप असतंच. एक दिवस चाचण्या. नकाशे नसतील तर मापं घ्यायला आणखी एक, त्याबद्दल प्रश्न ९ बघा. फोटो लावणं, खुणा करणं, अहवाल लिहिणं यात चार दिवस जातात. नवीन मुलं हे चार दिवस मोजतच नाहीत. त्यावर एक संध्याकाळ सभेची. हे सगळे दिवस तुमच्या दिवसाच्या दराने मांडा, मग क्षेत्रफळाने भागा.

दुरुस्तीच्या खर्चाची टक्केवारी फी म्हणून घेऊ नका. दुरुस्ती जितकी मोठी सांगाल तितकी फी जास्त, हे गणित गिऱ्हाइकाला कळतं, फक्त तो तोंडावर बोलत नाही.

निम्मी रक्कम काम सुरू करण्याआधी घ्या, उरलेली अहवाल हातात देताना. अहवाल दिल्यावर उरलेले पैसे मागायला गेलेला माणूस जिना चढून दमतो.

६. जीएसटी आणि टीडीएसचं काय?

सेवा-व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. सल्ल्यावर दर १८ टक्के. कंपन्या आणि मोठ्या संस्था व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापतात, तो रिटर्नमध्ये वळता होतो. ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीला, रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मं उत्पन्न नफा धरून कर भरायची सोय इंजिनिअरांना आहे. बाकी सीएला विचारा.

७. पहिली कामं कुठून मिळणार?

जाहिरातीतून नाही. माझं पहिलं काम मावशीच्या सोसायटीतलं, कारेलीबागेत, आणि फी म्हणून श्रीखंड-पुरी. दुसरं त्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या भावाचं. दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर इथल्या आपल्या मराठी मंडळींत ओळख लांब जाते, पण तिचा तोटाही असतो: 'अरे, आपलाच मुलगा आहे, लिहून देईल.' ओळखीच्या कामालाही पत्र करा, फी कमी करायची तर करा, पण कागद पूर्ण ठेवा.

ओळखींशिवाय बँकांचे मूल्यांकनकार, वकील, आणि वॉटरप्रूफिंगचे प्रामाणिक कंत्राटदार यांच्याकडून कामं येतात. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या शेड हा वेगळा आणि चांगला पैसे देणारा भाग आहे. पण तिथे पत्रे, ट्रस (छताचा लोखंडी सांगाडा) आणि खांबाखालच्या बेस-प्लेटचा गंज वाचता यायला हवा. नुसत्या काँक्रीटच्या अनुभवावर जाऊ नका.

पाहणीला गेल्यावर गुजराती बोला. वॉचमनला आणि वरच्या मजल्यावरच्या बेनना इमारतीचा जितका इतिहास माहीत असतो तितका कुठल्याच फाइलीत नसतो. धाब्यावर टाकी कधी चढवली, कोणत्या वर्षी कोणी बाल्कनी बंद केली, सगळं.

८. तपासणी आपण केली, तर दुरुस्तीचं कंत्राटही आपणच घेऊ नये का?

घेऊ नये. दुरुस्तीवर देखरेख करा, मापं तपासा, बिलं तपासा, त्याची वेगळी फी घ्या. पण कंत्राट घेतलं की तुमच्या अहवालातलं प्रत्येक वाक्य दुकानदाराचं वाक्य होतं. रसायनांच्या कंपन्या आणि कंत्राटदार 'तुमचं काय ते बघू' म्हणतात. तेही नको. ज्या सोसायटीला हे कळतं ती दुसऱ्या सोसायटीलाही सांगते, आणि बडोदं तसं लहानच आहे.

९. जुन्या इमारतीचे नकाशे कोणाकडेच नाहीत. मग?

हा अपवाद नाही, नियम आहे. आधी मंजूर नकाशासाठी सोसायटीला महानगरपालिकेत अर्ज करायला सांगा, कधी मिळतो. मिळाला तरी तो आर्किटेक्टचा असतो, त्यात सळया नसतात. त्या कव्हर मीटरने शोधा आणि दोन-तीन ठिकाणी फोडून व्यास मोजून खात्री करा. पायाबद्दल माहिती नसेल तर एका कॉलमशी खड्डा खणून बघावा. सोसायटी खणू देत नसेल तर 'पाया पाहिलेला नाही' असं अहवालात स्वच्छ लिहा.

या शेवटच्या वाक्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका इमारतीच्या मागच्या अरुंद डक्टमध्ये मी उतरलो नाही. कुलूप होतं, किल्ली कोणाकडे ते कळेना, ऊन वाढलेलं. अहवालात लिहिलं, 'छज्जे समाधानकारक.' पुढच्या पावसाळ्यात त्याच डक्टमधला एक छज्जा सुटून पडला. खाली कोणी नव्हतं म्हणून वाचलो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालाच्या दुसऱ्या पानावर 'काय पाहता आलं नाही आणि का' अशी यादी असते. गिऱ्हाइकं ते पान ओलांडून पुढे जातात. वकील तेच पान आधी उघडतात.

१०. मांडवी, दांडिया बाजार भागातला जुना वाडा तपासायचा आहे. हॅमर-अल्ट्रासोनिक चालेल?

तिथे काँक्रीटच नाही, तर हॅमर कशावर मारणार? हे वाडे म्हणजे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये चुन्यातली विटांची भिंत. इथे स्क्रू-ड्रायव्हर आणि कान लागतात. खांब दगडी उथळ्यावर टेकतो तिथे, आणि तुळई भिंतीत घुसते तिथे टोचून बघा. लाकूड कुजतं ते या दोन जागी. वाळवीला, आपण बडोदेकर सरळ उधई म्हणतो, बाहेरून रंग चकचकीत असला तरी आत पोकळी करता येते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मूळ बांधकामामुळे नाही, नंतरच्या सुधारणांमुळे झालेलं दिसतं. वरच्या मजल्यावर पुढे काढलेली मोरी आणि संडास, त्याखालची सतत ओली तुळई. जुन्या भिंतीवर टाकलेला आरसीसी स्लॅब. चुन्याच्या भिंतीवर मारलेला सिमेंटचा गिलावा, ज्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडत नाही आणि विटा आतून भुगा होतात.

सामाईक भिंतीकडे विशेष लक्ष द्या. पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत, घरं एकमेकांच्या आधाराने उभी असतात. शेजारचा वाडा पाडला की तुमच्या गिऱ्हाइकाची भिंत, जी शंभर वर्षं आतली भिंत होती, ती एका दिवसात बाहेरची होते. शेजारी पाडकाम ठरलेलं असेल तर तपासणी त्याआधी करा, फोटोंवर तारखा घाला, आणि टेकू देण्याची शिफारस लेखी द्या.

११. विश्वामित्री नदीच्या पुरानंतर लगेच तपासणीला बोलावतात. जावं का?

जा, पण दोनदा. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ या दोन्ही पुरांनंतर फोन एकाच आठवड्यात आले होते. पहिली फेरी फक्त तातडीच्या धोक्याची: खचलेली कंपाउंड वॉल, जोत्याखालून वाहून गेलेली माती, लिफ्टचा खड्डा, पाण्यात बुडालेला मीटर-रूम. दुसरी फेरी इमारत वाळल्यावर, दीड-दोन महिन्यांनी. ओल्या भिंतीवर घेतलेल्या वाचनांचं काय होतं ते प्रश्न ४ मध्ये आहेच.

आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. पुराच्या वेळी न दिसलेली भेग दिवाळीनंतर उघडते ती यामुळे. काचेची पातळ पट्टी भेगेवर दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली तर भेग चालू आहे. आणि पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ भिंतीवरून पुसली जायच्या आत तिचा फोटो काढून ठेवा.

१२. पुण्याचे नातेवाईक सांगतात, ३० वर्षं झाली की ऑडिट सक्तीचं. इथेही आहे का?

तो महाराष्ट्राच्या कायद्यातला नियम आहे, तो दाखवून इथे काम मागू नका. गुजरातेत महानगरपालिका धोकादायक बांधकामाला नोटीस देते ती जीपीएमसी (गुजरात प्रांतिक महानगरपालिका) कायद्याच्या कलम २६४ खाली. पुनर्विकासाचा प्रश्न वेगळा: गुजरातच्या ओनरशिप फ्लॅट्स कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ वर्षं झालेल्या इमारतीचा पुनर्विकास ७५ टक्के फ्लॅटधारकांच्या संमतीने होऊ शकतो. हा '२५' आणि तो '३०' लोकांच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, 'इमारत २५ वर्षांची झाली म्हणजे धोकादायक.' वयावरून धोका ठरत नाही.

१३. इमारत खाली पार्किंग, वर फ्लॅट अशी आहे. भेग एकही नाही. तरी काही लिहावं का?

हो, लिहावंच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छात होता, तरी दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या, आणि त्यांत खालचा मजला मोकळा असलेल्या बऱ्याच होत्या. वर भिंतींनी ताठ, खाली नुसते कॉलम. सगळी हालचाल खालीच होते. भूकंपाचं मानक आयएस १८९३, त्याच्या २००२ आणि २०१६ या दोन्ही आवृत्त्यांत बडोदं भूकंपाच्या झोन ३ मध्ये होतं. भेगा नसणं म्हणजे रोजच्या भाराला इमारत पुरते, भूकंपाचं त्यातून काही कळत नाही. तो हिशेब आयएस १५९८८ प्रमाणे वेगळा होतो, त्याची फी वेगळी, आणि तुम्हाला येत नसेल तर ज्याला येतो त्याच्याकडे पाठवा. अहवालात एक परिच्छेद मात्र हवाच.

१४. महिसागर नदीवरचा गंभीरा पूल पडल्यापासून पुलाच्या तपासणीबद्दलही विचारतात. घेऊ का?

९ जुलै २०२५ नंतर मलाही विचारणा झाली. मी घेत नाही. बेअरिंग, नदीपात्रातली झीज, वाहनांचा फिरता भार, हा सगळा निराळा अभ्यास आहे.

१५. सेक्रेटरी म्हणतात, 'अहवाल जरा सौम्य करा, फ्लॅट विकायचेत.' किंवा उलट, मालक म्हणतो, 'धोकादायक लिहा, भाडेकरू निघायला हवेत.' काय करायचं?

दोन्ही मागण्या पहिल्या पाच वर्षांत तुमच्याकडे नक्की येतील. यावर माझी एक सवय आहे: अहवालात 'दिसलं ते' आणि 'त्यावरून माझं मत' असे दोन रकाने ठेवतो. पहिल्या रकान्यात फोटो, जागा, माप. तो कोणाच्याही सांगण्याने बदलत नाही. दुसऱ्यातली भाषा सौम्य करा म्हणाले तर मी शब्द बघतो, अर्थ बदलत नाही. 'भयानक' काढून 'तातडीची दुरुस्ती आवश्यक' लिहायला माझी हरकत नाही.

मालक-भाडेकरूच्या भांडणात काम घेतलंत तर पाहणीच्या वेळी दोन्ही बाजूंना लेखी बोलवा. भाडेकरू आला नाही तरी तुम्ही बोलावलं होतं हे राहतं. आणि 'दुरुस्ती होऊ शकते का' या प्रश्नाचं उत्तर मागितलेलं नसलं तरी द्या. कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो.

१६. तपासताना छत आज-उद्या पडेल असं दिसलं, आणि सोसायटी म्हणते, 'कोणाला सांगू नका.' गोपनीयतेचं काय?

त्याच दिवशी, त्याच जागेवर अध्यक्ष-सेक्रेटरींना लेखी द्या: कोणता भाग, काय दिसलं, कोणी तिथून हलायचं, टेकू कुठे द्यायचे. अहवाल पूर्ण व्हायची वाट बघू नका, फी आली की नाही तेही बघू नका. त्या घरात राहणाऱ्याला स्वतः सांगा. पुष्कळदा सेक्रेटरी वेगळ्या विंगमध्ये राहतो आणि ज्याच्या डोक्यावर स्लॅब आहे त्याला पत्ताच नसतो.

कामाच्या पत्रात आधीच एक कलम घाला की जिवाला तात्काळ धोका दिसला आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही, तर सल्लागार महानगरपालिकेला कळवेल. मी २४ तास लिहितो. हे कलम वाचून काम परत घेतलेली एक सोसायटी मला आठवते. कलम मी आजवर दोनदा वापरलंय. एकदा सोसायटीने नंतर आभार मानले. दुसऱ्या वेळची निम्मी फी अजून यायची आहे.